तीन दिवसांचं ऊन, वर्षाची वीज

७ सप्टेंबर २०१९. त्या दिवशी पहाटे चंद्रावर उतरता उतरता विक्रम लँडरशी संपर्क तुटला आणि देशाचं सगळं लक्ष तिकडेच होतं. त्याच दिवशी, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला, ऑरिक औद्योगिक नगरीच्या परिसरात बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावा भरला होता. तिथे पंतप्रधानांनी उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी गॅसजोडणी एका महिलेच्या हाती दिली. आठ कोटींचं उद्दिष्ट मार्च २०२० चं होतं. ते सात महिने आधी पुरं झालं, आणि तेही आपल्या मराठवाड्यात.

आठ कोटी हा आकडा बोलायला सोपा आहे. त्याचं मोजमाप करून बघू. योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली. तिथून शेंद्र्याच्या मेळाव्यापर्यंत १,२२४ दिवस होतात. भागाकार केला तर दिवसाला ६५ हजारांहून जास्त जोडण्या येतात. मिनिटाला ४५. म्हणजे सव्वातीन वर्षांहून अधिक काळ, रात्र नाही, रविवार नाही, दिवाळी नाही, दर १.३ सेकंदाला देशात कुठल्या तरी घरी शेगडी आणि सिलिंडर पोचत होता. घरगुती सिलिंडरचा व्यास साधारण ३२ सेंटीमीटर. आठ कोटी सिलिंडर एकाला एक लावून ठेवले तर रांग २५,६०० किलोमीटरची होते. मुंबईहून संभाजीनगरला रस्त्याने जाऊन परत यायचं, अशा ३८ फेऱ्या. पुढे २०२१ मध्ये उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला आणि २०२४ च्या मध्यापर्यंत एकूण जोडण्या १० कोटी ३३ लाखांवर गेल्या.

सरकारी कामाबद्दल तक्रार करायची सवय आपल्याला आहे, आणि ती बऱ्याचदा रास्त असते. पण हे काम अफाट होतं हे मोकळ्या मनाने म्हटलं पाहिजे. घरातल्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे. त्या धुराच्या सगळ्यात जवळ बसते ती भाकरी थापणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल.

जोडणी एकदाच मिळते. सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरले गेले. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत सिलिंडरचा दर १,१०३ रुपयांवर गेला होता. केंद्राने मे २०२२ पासून उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे २०० रुपयांचं अनुदान सुरू केलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० केलं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत, लाभार्थी कुटुंबं ५२ लाखांवर. २०२४-२५ पर्यंत देशाची सरासरी ४.४७ वर आली. म्हणजे एक सिलिंडर ८२ दिवस. पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर होत असेल तर सिलिंडर दीड महिन्याच्या पलीकडे जात नाही, हे कुठलीही गृहिणी सांगेल. उरलेले दिवस चूल पेटते. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, वेड्या बाभळीची लाकडं.

इथे आणखी एक हिशोब. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळला की सुमारे १८० युनिट उष्णता देतो. युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच युनिट. शेगडीवर यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला मिळते. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम आठवा हिस्सा भांड्यापर्यंत जातो. त्यामुळे एका सिलिंडरचं काम चुलीवर करायला सुमारे २०० किलो सरपण लागतं. घराची गरज वर्षाला आठ सिलिंडरची धरली आणि साडेचारच भरले गेले, तर तूट साडेतीन सिलिंडरची. म्हणजे घरामागे ७०० किलो सरपण. दहा कोटी घरांना गुणलं की सात कोटी टन. दहा टनी ट्रकने वाहायचं तर सत्तर लाख ट्रक, आणि प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक बायकांच्या डोक्यावरून येतं.

आतापर्यंत मोजली ती घरात आणावी लागणारी ऊर्जा, जिच्यासाठी पैसे मोजावे लागतात किंवा पाय झिजवावे लागतात. गरिबाला ऊर्जेची मदत म्हटलं की आपल्याला सिलिंडर, वीजजोडणी, एलईडी बल्ब, बिलातली सवलत एवढंच आठवतं. पण त्याच घरावर रोज वरून एक ऊर्जा पडते. ती फुकट आहे, नको असलेली आहे, आणि तिचा आकडा कुठल्याच योजनेच्या कागदावर नाही.

मुकुंदवाडी, मिसारवाडी, नारेगाव, पडेगाव, वाळूजकडचं रांजणगाव शेणपुंजी. या वस्त्यांतून फिरलं तर डोक्यावर पत्रा असलेली घरं मोजता मोजता दमायला होतं. दहा बाय वीस फुटांची एक खोली घेऊ. छपराचं क्षेत्रफळ २०० चौरस फूट, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. मे महिन्यात या भागात स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर साडेसहा युनिटच्या आसपास ऊन पडतं. त्या एका छपरावर दिवसाला १२० युनिट.

एका सिलिंडरमध्ये १८० युनिट असतात. म्हणजे दर तीन दिवसांनी दोन सिलिंडर या छपरावर ओतले जातात. मे महिन्यात वीस. वर्षाचा हिशोब केला, पावसाळ्याचे ढग धरूनही, तर दोनशे. ज्या घरात वर्षाला साडेचार सिलिंडर महत्प्रयासाने येतात, त्याच घराच्या डोक्यावर दोनशे सिलिंडरची उष्णता बिनबोभाट येऊन पडते.

विजेच्या बाजूने बघितलं तर आकडा आणखी बोचतो. महावितरणचा दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी वेगळा, स्वस्त दर आहे. तो टिकवायचा तर वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत ठेवावा लागतो, महिन्याला ३०. मे महिन्यात ते छप्पर ३६० युनिट ऊन तीन दिवसांत पितं. तीन दिवसांचं ऊन आणि वर्षभराची वीज, आकडा एकच. महिन्याला ३० युनिट म्हणजे किती? साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. तो दिवसरात्र चालवला तर १७ दिवसांत ३० युनिट संपतात. त्यानंतर दिवा लावायलाही युनिट उरत नाही. आणि पंखा तरी काय करणार? तो खोलीतली हवा गार करत नाही, नुसती फिरवतो. पत्र्याखाली तापलेली हवा वरून ओढून अंगावर टाकतो.

पत्रा नेमका काय करतो, ते समजून घेण्यासारखं आहे. संभाजीनगर २० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. १९-२० मेच्या सुमारास इथे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी आडव्या छपरावर चौरस मीटरला सुमारे हजार वॅट ऊन पडतं. गंजका, मळका पत्रा त्यातलं तीन चतुर्थांश शोषून घेतो. त्याचं तापमान साठ-पासष्ट अंशांवर जातं. काही उष्णता वारा वरच्या वर नेतो. पण पासष्ट अंशांचा पत्रा खालच्या बाजूनेही उष्णता फेकत असतो, न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने, चौरस मीटरला सुमारे २०० वॅट. साडेअठरा चौरस मीटरचे झाले ३,७०० वॅट. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर आढ्याला दोन गिझरची तापलेली कॉइल टांगून खाली बसल्यासारखं आहे. एक टनाचा एसी जास्तीत जास्त साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. म्हणजे असा एसी उद्या कुणी फुकट दिला तरी त्याची सगळी ताकद पत्र्याशी लढण्यातच संपेल. म्हणूनच झाडाखालच्या सावलीत ४१ अंशांत माणूस बसू शकतो आणि ४१ अंशांतच पत्र्याखाली त्याचा जीव घाबरा होतो. तापमापकावरचा आकडा एक, अंगावर पडणारा मारा वेगळा.

यात गॅसची शेगडी पेटली की आणखी दीड-दोन हजार वॅट. म्हणून या वस्त्यांत उन्हाळ्यात आठच्या आत भाकऱ्या उरकतात. दुपारी पत्र्याखाली राहतात ती म्हातारी माणसं, तान्ही मुलं, बाळंतिणी, शिवणकाम किंवा तसलं हातकाम घरी घेऊन बसणाऱ्या बायका. शहरात ज्यांना बाहेर जायला जागा नाही, ती सगळी.

कूलर लावा म्हणणं सोपं आहे. कूलर पाण्याची वाफ करून उष्णता काढतो. त्या ३,७०० वॅटना तोंड द्यायला तासाला साडेपाच लिटर पाणी वाफ व्हावं लागेल, दुपारच्या सहा तासांत तेहतीस. ज्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येतं, जिथे वस्त्यांत टँकरची वाट बघत ड्रम रांगेने लावलेले असतात, तिथे रोज तीन हंडे हवेत सोडायचे.

मराठवाड्याला छप्पर कळत नव्हतं असं नाही. उलट ते फार चांगलं कळत होतं. जुन्या घरांवर माळवद असायचं. लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर फूटभर, काही ठिकाणी त्याहून जाड, पांढऱ्या मातीचा थर. आपल्या त्याच २०० चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे साडेनऊ टन वजन. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन ७० ते ७५ किलो. भर दुपारचं ऊन पत्र्याला तीन सेकंदांत एक अंशाने तापवतं. तेवढ्याच उन्हाला साडेनऊ टन माती एक अंशाने तापवायला दहा मिनिटं लागतात. माळवदात शिरलेली दुपार खाली पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर वरून वारा सुटलेला असतो. हिवाळ्यात तेच माळवद रात्रीची ऊब धरून ठेवतं, तर पत्र्याखाली डिसेंबरच्या पहाटे दात वाजतात. याच शहरात पाणचक्कीला गेलं तर मोठ्या हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. भर उन्हाळ्यात तिथला गारवा कुणीही अनुभवावा.

मग माळवदं गेली कुठे? लाकूड महागलं, माती घालणारे हात शहरात कामाला गेले, दर पावसाळ्याआधीची डागडुजी जमेना. पण मोठा घाव बसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. किल्लारीच्या भूकंपात आठ ते दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. साडेनऊ टन डोक्यावर घेऊन झोपण्याचा अर्थ मराठवाड्याला त्या रात्री कळला. त्यानंतर हलक्या पत्र्याखाली निर्धास्त झोप लागते असं कुणी म्हणालं तर त्याला भौतिकशास्त्र शिकवायला जाऊ नये. पत्रा स्वस्त आहे, हलका आहे, एका दिवसात चढतो, घर बदललं तर काढून नेता येतो. आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. गरीब माणसाने पत्रा निवडला तो विचार करूनच. माझा आग्रह एवढाच की पत्रा आहे हे धरून पुढचा विचार व्हावा.

देशभराचा आवाका बघू. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास १६ टक्के घरांवर जस्ताचे, लोखंडी किंवा सिमेंटचे पत्रे होते. सुमारे चार कोटी घरं. प्रत्येक छप्पर आपल्या खोलीएवढंच धरलं तरी पत्र्याचं क्षेत्र होतं ७४० चौरस किलोमीटर. जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला की त्याचा फुगवटा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. पैठणच्या धरणावर उभं राहून पाण्याचा पलीकडचा काठ ज्यांनी शोधला असेल त्यांना कल्पना येईल: तसे दोन नाथसागर, नुसत्या पत्र्याचे. मेमधल्या एका स्वच्छ दिवशी त्यावर पडणारं ऊन ४८० कोटी युनिट. भारतातली सगळी वीजकेंद्रं मिळून, कोळसा, पाणी, वारा, अणू, सौर सगळं धरून, दिवसाला सुमारे ५०० कोटी युनिट वीज तयार करतात. देशाच्या एका दिवसाच्या विजेएवढी उष्णता गरिबांच्या पत्र्यांवर एका दिवसात पडते.

आता उलटी बाजू. गंजका पत्रा तीन चतुर्थांश ऊन शोषतो आणि त्यावर दिलेला पांढऱ्या रंगाचा नवा थर तेवढंच ऊन परत आकाशात फेकतो. १२० पैकी नव्वद युनिट शोषले जायचे ते तीसवर येतात. छपरामागे दिवसाला साठ युनिट, तीन दिवसांना एक सिलिंडर, घराबाहेर ठेवला जातो. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, महिन्याचं बिल येत नाही. खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असा अनुभव आहे. पाच अंश कमी वाटत असतील, पण ४३ आणि ३८ यांच्यामध्ये म्हाताऱ्या माणसाचं हृदय असतं.

अहमदाबादने हे किंमत मोजून शिकून घेतलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, २०१७ पासून वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचं राज्य धोरणच आणलं: २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरं. जवळजवळ एक नाथसागर. आपल्या सीमेला लागूनच हे चाललं आहे. आदिलाबादचं आणि नांदेडचं ऊन काही वेगळं नाही. अमेरिकेत तर १९७६ पासून गरिबांची घरं दुरुस्त करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. छतात आणि भिंतींत उष्णतारोधक भरायचा, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, हीच ऊर्जेची मदत. सत्तर लाखांहून जास्त घरं त्यांनी अशी केली. तिथे मुख्य शत्रू थंडी आहे. हिशोब तोच, घरच दुरुस्त केलं की इंधन कमी लागतं.

खर्च किती? चुना, पांढरा सिमेंट रंग, जरा बरा परावर्तक रंग, असे प्रकार आहेत. चौरस फुटाला दहा रुपये धरू. एका छपराला दोन हजार. चार कोटी छपरांना आठ हजार कोटी. उज्ज्वलाच्या सिलिंडर अनुदानासाठी केंद्राने २०२५-२६ या एका वर्षाला १२ हजार कोटी मंजूर केले. त्याच्या दोन तृतीयांशात देशातला प्रत्येक पत्रा एकदा पांढरा होतो. अनुदान कमी करा असं मी म्हणत नाही; ते वाढायला हवं, कारण साडेचार सिलिंडर पुरत नाहीत हे वर दिसलंच. पण याच्या शेजारी छपराचा आकडा मांडलाच गेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

अडचणी आहेत. नुसता चुना पहिल्याच पावसात उतरतो. धूळ बसली की पांढरेपणा उणावतो, आणि चिकलठाणा-वाळूजकडे धुळीला तोटा नाही. दर वर्षी होळीच्या आधी हात फिरवावा लागेल. पत्र्याखाली पोत्याचा, थर्माकोलचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा दुसरा थर लावला तर आणखी फरक पडतो, पण थर्माकोल आगीला धोकादायक आणि पोतं उंदरांना सोयीचं. तट्टा मला बरा वाटतो. आणखी एक वाट सूर्याकडूनच येते. एक किलोवॅटच्या सौर पॅनलसाठी केंद्र ३० हजार देतं. २०२५ मध्ये महाराष्ट्राने दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना त्यावर साडेसतरा हजार द्यायचं ठरवलं. पॅनल महिन्याला शंभरावर युनिट देतं आणि शिवाय छपराच्या काही भागावर सावली धरतं. पण त्याला भक्कम आधार हवा, आणि विटा ठेवून दाबलेल्या पत्र्यावर तो कुठून आणायचा?

सगळ्यात अवघड गाठ मात्र मालकीची आहे. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात एक शहाणपणाची तरतूद केली गेली: स्थलांतरित कुटुंबाला पत्त्याचा पुरावा नसेल तर स्वयंघोषणेवर जोडणी. म्हणून जालना-बीडहून किंवा बुलढाण्याहून कंपनीत कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईच्या नावाने सिलिंडर येऊ शकला. तो तिचा आहे. खोली बदलली तर ती तो सोबत नेते. छप्पर तिचं नाही. रांजणगावात एकेका मालकाच्या आठ-आठ, दहा-दहा पत्र्याच्या खोल्या ओळीने असतात. भाडं ठरतं ते नळ, मोरी आणि कंपनीपासूनच्या अंतरावर. वर काय तापतं हे भाड्यात धरलेलं नसतं, त्यामुळे मालकाला रंगाचे दोन हजार घालायचं कारण नसतं, आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या पत्र्यावर खर्च करणं परवडत नसतं. तिथे मदत खोलीमागे न देता ओळीमागे द्यावी लागेल, मालकाची एक सही आणि दहा खोल्यांचं एकसलग छप्पर. दोन हजार चौरस फूट, वीस हजार रुपये, दोन दिवसांचं काम. त्या एका ओळीवर मेच्या एका दिवसात पडणारे बाराशे युनिट पुढच्या वर्षीही मेमध्ये तसेच पडणार आहेत. त्यातले सहाशे परत पाठवायचे तर फेब्रुवारीत सही व्हायला हवी.